बघून सांगतो

जून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, संध्याकाळी सहाच्या सुमारास, अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही पुस्तकांच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहून बघा. (गाडी कुठे लावायची ते विचारू नका, त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.) काउंटरवर एका वेळी दहा हात पुढे आलेले असतात. कोणाला आठवीचा बालभारतीचा संच हवा असतो, कोणाला सेकंड इयर कॉम्प्युटरचं नव्या पॅटर्नचं पुस्तक, कोणाला एमपीएससीचं काहीतरी, आणि एखाद्या आजोबांना वीस वर्षांपूर्वी छापलेली कादंबरी. काउंटरमागचा माणूस एकाचं बिल करता करता बाकी नऊ जणांना उत्तरं देत असतो. नीट ऐकलंत तर उत्तरं तीनच प्रकारची असतात : "आहे", "नाही" आणि "बघून सांगतो".

आजचा लेख या तिसऱ्या उत्तराबद्दल आहे. कारण तुम्हीआम्ही जी सॉफ्टवेअरं लिहितो त्यांत या उत्तराला जागाच ठेवलेली नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. बुधवार पेठेत काय मिळत नाही? अप्पा बळवंत चौकात पुस्तकं, पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्स, तपकीर गल्लीत वायरी-दिवे-स्विच, तुळशीबागेत भांड्यांपासून भातुकलीपर्यंत सगळं. गेल्या पंधराएक वर्षांत यातली बरीच दुकानं जालावर आली. कोणी स्वतःची वेबसाइट काढली, कोणी मोठ्या मार्केटप्लेसवर विक्रेता म्हणून नाव नोंदवलं, कोणी व्हॉट्सॲपवर कॅटलॉग टाकला. शिवाय सरकारच्या पुढाकाराने ३१ डिसेंबर २०२१ला स्थापन झालेलं ओएनडीसी आहेच. मार्ग कुठलाही असो, अडचण एकच. माल एक आणि तो विकणारी तोंडं दोन किंवा चार. काउंटरवरून शेवटची प्रत गेली की ती बाकी सगळीकडूनही नाहीशी व्हायला हवी. याला आमच्या धंद्यात 'इन्व्हेंटरी सिंक' म्हणतात.

हे सिंक विकणारे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाकडे एक डॅशबोर्ड असतो. हिरवागार. त्यावर 'सिंक सक्सेस ९९ टक्के' छापाचा आकडा झळकत असतो. दुकानदार तो बघून खूश होतो आणि तरीही अधूनमधून आलेल्या ऑर्डरी 'सॉरी, स्टॉक नाही' म्हणून रद्द कराव्या लागतातच. मग सॉफ्टवेअरवाला म्हणतो, "साहेब, तुमचा डेटाच खराब आहे." दुकानदार म्हणतो, "तुमचं सॉफ्टवेअरच बेकार आहे." माझं मत असं की दोघंही भलत्याच आकड्यावरून भांडतायत.

कारण मोजायला हवीत अशी अंतरं दोन आहेत. पहिलं रॅक ते संगणक, म्हणजे फळीवर प्रत्यक्षात काय आहे आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरला काय वाटतंय यातलं. दुसरं संगणक ते वेबसाइट. हिरवा डॅशबोर्ड फक्त दुसरं मोजतो. पहिलं अंतर मोठं असेल तर उत्तम सिंक म्हणजे चुकीची बातमी विजेच्या वेगाने गावभर करण्याची सोय! पोस्टमनने पत्र वेळेवर पोचवलं म्हणून पत्रातला मजकूर खरा ठरत नाही.

आता हे पहिलं अंतर पडतं कसं? पुस्तकांचंच उदाहरण घेऊ, कारण वरकरणी पुस्तक हा या खेळातला सगळ्यात सोपा माल. प्रत्येक पुस्तकाला आयएसबीएन असतो, बारकोड असतो, ते नासत नाही, त्यात साइझ आणि रंग नसतात. ॲमेझॉनने १९९५मध्ये आणि फ्लिपकार्टने २००७मध्ये दुकान मांडलं ते पुस्तकांचंच, त्याला हेही एक कारण. पण हा सोपा माल पेठेतल्या काउंटरवर आला की काय होतं बघा.

जूनच्या गर्दीत बिल करणारा माणूस दर वेळी बारकोड शोधत बसत नाही. तो 'पुस्तक, ४५०' असं टाकतो आणि पैसे घेतो. गल्ला बरोबर जुळतो, पण कुठलं पुस्तक गेलं हे संगणकाला कळतच नाही. यात आळशीपणा नाही, रांग आहे. शिवाय छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे तपकीर गल्लीतल्या दिवेवाल्यावर वस्तूवार नोंदी ठेवायचा जो बाहेरून दबाव असतो, तो निव्वळ पुस्तकवाल्यावर तेवढा नसतो.

मग आवृत्त्या. पुणे विद्यापीठाचा अभ्यासक्रम काही वर्षांनी बदलतो. इंजिनियरिंग केलेल्यांना २०१५चा पॅटर्न, २०१९चा पॅटर्न, २०२४चा पॅटर्न हे शब्द जन्मभर विसरता येत नाहीत. पुस्तकाचं नाव तेच, लेखक तेच, मुखपृष्ठही जवळपास तेच, आत धडे वेगळे. संगणकात नोंद एकच केली असेल तर '७ प्रती' या आकड्यात जुन्या चार आणि नव्या तीन लपलेल्या असतात. जुन्या मराठी पुस्तकांची तर आणखी तऱ्हा. कित्येकांवर आयएसबीएनच नाही, त्यामुळे नोंद करताना प्रत्येकाने आपल्या मनाने नाव टाइप केलेलं. एकाने वेलांटी ऱ्हस्व दिली, दुसऱ्याने दीर्घ. संगणकाच्या लेखी झाली दोन पुस्तकं.

पुस्तकं बऱ्याचदा 'न खपल्यास परत' या बोलीवर येतात. प्रकाशकाचा माणूस उरलेला गठ्ठा उचलून नेतो आणि नोंद दोन दिवसांनी होते. गिऱ्हाईक एका रॅकवरचं पुस्तक चाळून दुसऱ्या रॅकवर ठेवतं, आणि चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक विक्रीच्या दृष्टीने हरवलेलंच असतं. संचातून एखादंच पुस्तक काढून दिलं जातं. माळ्यावरच्या खोक्याला वाळवी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेजारच्या दुकानातून 'एक प्रत पाठव रे' म्हणून आणलेला आणि दिलेला माल. संध्याकाळी हिशोब तोंडी मिटतो, पण संगणकाला यातलं काहीही माहीत नसतं.

हे सगळं वाचून 'आपली माणसं, आपला अव्यवस्थितपणा' असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन या दोघांनी २००८मध्ये 'मॅनेजमेंट सायन्स'मध्ये एक शोधनिबंध छापला. परदेशातल्या एका मोठ्या साखळी दुकानाच्या ३७ शाखांमधल्या सुमारे ३ लाख ७० हजार स्टॉक-नोंदी त्यांनी तपासल्या. त्यातल्या ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या. बारकोड, स्कॅनर, ऑडिट, सगळं असताना! यात एका नगाचा फरकही चूक म्हणून धरला आहे, हे खरं. पण ज्या दुकानात बहुतेक पुस्तकांची एकेकच प्रत असते, तिथे एकाचा फरक म्हणजे 'आहे' आणि 'नाही' इतका फरक.

आता दुसऱ्या अंतराकडे, म्हणजे सिंकच्या वेगाकडे येऊ. इथे 'रिअल टाइम' या शब्दाने फार गोंधळ घातलाय. किती वेगाने सिंक व्हायला हवं हे सॉफ्टवेअरवर ठरत नाही, माल किती वेगाने विकला जातो आणि किती शिल्लक आहे यावर ठरतं. थोडं गणित करू. समजा, जूनमध्ये एक गाइड दहा तासांच्या दिवसात २० प्रतींच्या वेगाने खपतंय, म्हणजे तासाला दोन. शेवटची प्रत उरली आहे आणि वेबसाइट दर १५ मिनिटांनी ताजी होते. तर त्या १५ मिनिटांत ती प्रत काउंटरवरून निघून जाण्याची शक्यता जवळपास ३९ टक्के येते. दहात चार वेळा तुमची वेबसाइट खोटं बोलणार. उलट महिन्याला एक प्रत खपणारा एखादा कवितासंग्रह घ्या. त्याचं सिंक दिवसातून एकदा, रात्री दुकान बंद झाल्यावर केलं, तरी ही शक्यता ३ टक्क्यांच्या आसपासच राहते. म्हणजे या बाबतीत दिवसातून एकदाचं 'मागासलेलं' सिंक पंधरा मिनिटांच्या 'आधुनिक' सिंकपेक्षा दहापटीहून जास्त भरवशाचं ठरतं. सगळ्या मालाला एकच वेग लावून वर त्याचे पैसे घेणं हा शुद्ध आळस आहे (सॉफ्टवेअरवाल्याचा, दुकानदाराचा नव्हे).

मग मोजायचं कसं? मंडळी, यासाठी सल्लागार लागत नाही. एक वही, एक पेन आणि एक दुपार लागते. पुण्यातल्या दुकानांची दुपारी एक ते चार ही वेळ उगाच बदनाम आहे, तिचा हा एक चांगला उपयोग :-)

पहिली पायरी. संगणकातल्या यादीतून 'आहे' असं दाखवणारी पन्नास पुस्तकं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि रॅकवर जाऊन शोधा. मग उलटं करा. रॅकवरची, माळ्यावरची, कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातली कुठलीही पन्नास पुस्तकं उचला आणि ती संगणकात सापडतात का बघा. ही दोन्ही टोकं तपासणं फार गरजेचं आहे, कारण दोन्ही बाजूंच्या चुका वेगळ्या असतात. संगणकात आहे पण रॅकवर नाही, हा झाला भुताचा स्टॉक. त्याने ऑर्डर रद्द होते, गिऱ्हाईक चिडतं, बोंब होते. रॅकवर आहे पण संगणकात नाही, हा झाला गुप्तधनाचा स्टॉक. त्याबद्दल कोणीच तक्रार करत नाही, कारण जे पुस्तक वेबसाइटवर दिसलंच नाही त्याच्यासाठी कोण फोन करणार? ज्या दुकानाची मातब्बरीच दुर्मिळ आणि संथ खपाच्या पुस्तकांवर उभी आहे, त्याचं खरं नुकसान या दुसऱ्या, मुक्या चुकीत असतं. रद्द ऑर्डरी मोजणाऱ्या कुठल्याही डॅशबोर्डवर ते कधीही दिसणार नाही.

शंभर हा आकडा लहान वाटेल. भुताच्या आणि गुप्तधनाच्या चुका वेगवेगळ्याच नोंदवा. दोन्ही बाजूंना पन्नासपैकी पंचेचाळीस जुळल्या, तर खरा आकडा ८० आणि १००च्या मध्ये कुठेतरी आहे एवढंच साधारण म्हणता येतं. पण पहिल्यांदा मोजताना एवढं पुरतं. रोग आहे की नाही ते कळतं. किती आहे ते नंतर बघू.

दुसरी पायरी. त्याच शंभर पुस्तकांसाठी वेबसाइट काय म्हणते ते त्याच क्षणी लिहून घ्या. 'त्याच क्षणी' महत्त्वाचं. सकाळी काढलेली संगणकातली यादी आणि संध्याकाळची वेबसाइट यांची तुलना केली तर दिवसभराची विक्री तुम्ही चूक म्हणून मोजाल. आणि भागाकार करताना खाली काय घेता ते बघा. डॅशबोर्ड म्हणतो, १००० पैकी ९९० यशस्वी. हे हजार म्हणजे जी पुस्तकं त्याला माहीत आहेत ती. दुकानात समजा ६००० पुस्तकं आहेत आणि त्यातली ५००० वेबसाइटशी कधी जोडलीच गेली नाहीत, तर यश ९९ टक्के नाही, साडेसोळा टक्के आहे. डॅशबोर्ड खोटं बोलत नाही, तो फक्त सोयीचा भाजक घेतो. हा प्रकार आपण आपापल्या ऑफिसातल्या स्टेटस मीटिंगमध्ये रोज बघतोच.

तिसरी पायरी वेळेची. एका प्रतीचं बिल करा, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, आणि वेबसाइटवरचा आकडा कधी बदलतो ते बघा. असं अनेकदा करा, आणि सप्टेंबरातल्या एखाद्या शांत मंगळवारी सकाळी करून समाधान मानू नका, जूनमधल्या शनिवारी संध्याकाळी करा. आलेल्या वेळांची सरासरी मात्र काढू नका. समजा, १०० बदलांपैकी ९५ एका मिनिटात पोचले आणि ५ कुठेतरी अडकून दहा तासांनी पोचले. सरासरी येते ३१ मिनिटं, जी प्रत्यक्षात कोणाच्याच वाट्याला आलेली नाही. विचारायचा प्रश्न असा की सगळ्यात वाईट पाच बदल कधी पोचले आणि ते कुठल्या पुस्तकांचे होते.

चौथी पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात उपयोगी. ऑर्डर रद्द झाली की तिच्यापुढे कारण लिहायचं. 'सापडलं नाही', 'आवृत्ती वेगळी', 'आत्ताच विकलं', 'खराब प्रत'. एवढी चारच कारणं पुरतात. यातलं फक्त 'आत्ताच विकलं' हे सिंकच्या वेगाचं पाप आहे. बाकी तीन प्रकारच्या चुका कितीही महागडं सिंक घेतलंत तरी जाणार नाहीत. महिनाभराने वही उघडली की पैसे कुठे खर्च करायचे ते आपोआप कळेल. आणि रोज वीस पुस्तकं मोजायची सवय लावली, तर वर्षाच्या ३०० कामाच्या दिवसांत ६००० पुस्तकं मोजून होतात. वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून सगळा माल मोजण्यापेक्षा हे बरं, कारण चूक ताजी असतानाच सापडते.

इथपर्यंतचं बरंचसं तांत्रिक झालं. आता माझी खरी तक्रार.

मार्केटप्लेस विक्रेत्यांना रद्द ऑर्डरींवरून जोखतात. ॲमेझॉनच्या विक्रेत्यांसाठीच्या नियमांत, माल पाठवण्याआधी विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरींचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या खाली ठेवावं अशी अपेक्षा आहे. चाळीस ऑर्डरींत एक रद्द झाली की तुम्ही काठावर. ग्राहकाच्या बाजूने बघितलं तर यात गैर काही नाही. पैसे भरून वाट बघणाऱ्याला 'सॉरी' ऐकायला कोणाला आवडेल? पण ज्याची सगळी विक्री एका मोठ्या गोदामातून होते, ज्याच्याकडे काउंटरच नाही, त्याच्यासाठी ही अट सोपी आहे. पेठेतल्या दुकानात तीच प्रत कुठल्याही क्षणी समोरचं गिऱ्हाईक उचलू शकतं.

मग दुकानदार काय करतो? शहाणा असेल तर लपवतो. ज्याच्या तीनपेक्षा कमी प्रती आहेत ते पुस्तक वेबसाइटवर 'संपलं' म्हणून दाखवतो. याला आमच्याकडे भारदस्त नाव आहे, 'सेफ्टी बफर'. जूनमधल्या गाइडसाठी हा उपाय अगदी योग्य आहे. पण ज्या हजारो पुस्तकांची एकेकच प्रत आहे ती सगळी या बफरमध्ये गडप होतात. वेबसाइटवर उरतात ती फक्त जोरात खपणारी पुस्तकं, जी इतर पन्नास विक्रेत्यांकडेही आहेत आणि तीही जास्त सवलतीत. म्हणजे चूक कमी व्हावी म्हणून लावलेल्या दंडाने चूक नुसती जागा बदलते. जी दिसत होती ती न दिसणारी होते. भुताचा स्टॉक घटतो, गुप्तधनाचा वाढतो, आणि आकड्यांत सगळं छान दिसतं.

याचा फटका दुकानदाराइतकाच तुम्हाआम्हाला बसतो. बाणेरला किंवा वाकडला बसलेला कोणी एखादं जुनं मराठी पुस्तक शोधतो, चार ठिकाणी 'उपलब्ध नाही' वाचतो, आणि पुस्तक बाजारातून गेलं असं समजून गप्प बसतो. प्रत्यक्षात ते बुधवार पेठेतल्या कुठल्यातरी माळ्यावर असू शकतं. पुस्तक आहे, वाचक आहे, दोघांमध्ये दहा-पंधरा किलोमीटर आहेत, आणि आपण लिहिलेला एक पूर्णांक दोघांची भेट होऊ देत नाही. असं पुस्तक वर्षानुवर्षं खपलं नाही की शेवटी रद्दीच्या भावाने जातं. प्रकाशकालाही मागणी दिसत नाही, म्हणून पुढची आवृत्ती निघत नाही.

खरं तर संगणकशास्त्रातल्या जाणत्या लोकांनी हे कधीच ओळखलंय. २०००मध्ये एरिक ब्रुअरने मांडलेलं आणि २००२मध्ये गिल्बर्ट व लिंच यांनी सिद्ध केलेलं कॅप प्रमेय आपण इंटरव्ह्यूपुरतं पाठ करतो. जोडणी तुटलेली असताना सगळीकडे एकच उत्तर आणि ताबडतोब उत्तर या दोन्ही गोष्टींची हमी एकत्र देता येत नाही, एवढंच ते सांगतं. २००७मध्ये ॲमेझॉनच्याच अभियंत्यांनी 'डायनॅमो'वरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. ग्राहकाची टोपली नेहमी उघडी राहिली पाहिजे, त्यापायी काढून टाकलेली वस्तू क्वचित पुन्हा टोपलीत दिसली तरी चालेल, असा निवाडा त्यांनी त्यात केला. त्याच वर्षी पॅट हेलंड या अनुभवी अभियंत्याने सगळा मामला तीन गोष्टींत बसवला : आठवण, अंदाज आणि माफी. संगणकाकडे असते ती जुनी आठवण. त्यावरून तो अंदाज करतो. अंदाज चुकला की धंद्याला माफी मागावी लागते. माफीची सोय आधीच करून ठेवणं हा रचनेचाच भाग आहे.

अप्पा बळवंत चौकातला माणूस नेमकं हेच करतो, फक्त जास्त चांगलं. त्याला आपली आठवण किती ताजी आहे हे माहीत असतं. ताजी असेल तर "आहे", शिळी असेल तर "बघून सांगतो". आपण मात्र डेटाबेसमध्ये 'क्वांटिटी' नावाचा एक पूर्णांक ठेवतो आणि १ म्हणजे आत्ता समोर दिसणारी १ की मागच्या दिवाळीत मोजलेली १, हा फरक पुसून टाकतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. त्या पूर्णांकाशेजारी अजून एक रकाना ठेवा : शेवटचं प्रत्यक्ष कधी पाहिलं. विक्रीचा वेग आणि ही तारीख यांवरून वेबसाइटने तीनपैकी एक उत्तर द्यावं. 'आहे', 'नाही' किंवा 'बघून सांगतो'. तिसऱ्या उत्तरावर गिऱ्हाईकाने बटण दाबलं की दुकानात निरोप जावा, दुकानाच्या वेळेत दोन-तीन तासांत माणसाने रॅक, माळा आणि हो, शेजारचं दुकानही बघून उत्तर द्यावं. तोवर पैसे कापू नयेत. पैसे खात्यातच अडकवून ठेवून नंतर कापायची सोय यूपीआयमध्ये २०१८पासून आहे. आणि असा 'नाही'चा निरोप रद्द ऑर्डर म्हणून मोजू नये, कारण दुकानदाराने वचन दिलंच नव्हतं. 'आहे' म्हणून सांगितलं आणि दिलं नाही, तर मात्र खुशाल दंड करा.

ओएनडीसीच्या रचनेत याला आयती जागा आहे. तिथे शोधणं, निवडणं, ऑर्डर तयार करणं आणि पक्की करणं हे वेगवेगळे निरोप आहेत, आणि प्रत्येक टप्प्यावर विक्रेत्याच्या बाजूने उत्तर यावं लागतं. 'निवडलं' आणि 'पक्कं' यांच्यामध्ये माणसाला रॅकपर्यंत जाऊन यायला वेळ दिला, तर काम होईल. अडचण आहे ती हे उत्तर काही सेकंदांत यंत्रानेच द्यावं या आपल्या अट्टाहासाची.

यावर नेहमीचा आक्षेप असा की ग्राहक थांबत नाही. त्याला आत्ताच्या आत्ता उत्तर हवं असतं. अर्धं खरं आहे. दहा मिनिटांत दूध-ब्रेड मागवणारा थांबणार नाही. पण जेवण मागवताना हॉटेलवाल्याने ऑर्डर 'स्वीकारली' असं दिसेपर्यंत आपण सगळेच मुकाट्याने थांबतो, आणि त्यात कोणाला मागासलेपण वाटत नाही. दहा वर्षांपासून एखादं पुस्तक शोधणारा वाचक तीन तास थांबेल, तीन दिवससुद्धा थांबेल. त्याला चीड येते ती 'आहे' म्हणून पैसे घेतल्यावर चौथ्या दिवशी आलेल्या 'सॉरी'ची.

दुसरा आक्षेप दुकानदारांकडून येईल, की एवढी कटकट कोण करणार. त्यांना माझं सांगणं असं की बारकोड स्कॅन न करता 'पुस्तक, ४५०' टाकायची सवय तेवढी सोडा, निदान जून-जुलै सोडून इतर दहा महिने. बाकीचं पुष्कळसं त्यातूनच सुधारेल. गिऱ्हाईकाला फोनवर 'बघून सांगतो' म्हणून खरंच बघून सांगण्याची कटकट तुम्ही आजही करताच. फक्त ती वेबसाइटच्या हिशोबात धरली जात नाही.

आणि तिसरा आपल्याच बिरादरीचा आक्षेप, की आरएफआयडी लावा, कॅमेरे लावा, सगळं अचूक होईल. होईल कदाचित. पण दीडशे रुपयांच्या पुस्तकाच्या नफ्यात हे सगळं बसतं का, याचं गणित आधी मांडा आणि मग बोला. अचूकतेला किंमत असते. ती कोण मोजतो हा तंत्राचा प्रश्न नाही, सत्तेचा आहे. सध्या प्लॅटफॉर्म अचूकतेची हौस करतो आणि बिल दुकानदाराच्या नावावर फाडतो. ग्राहक संरक्षणाच्या २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत एक छान तत्त्व आहे. ग्राहकाने रद्द केल्यावर शुल्क लावायचं असेल, तर कंपनीने स्वतःहून ऑर्डर रद्द केल्यावर तिनेही तसाच भार सोसला पाहिजे. तोच न्याय प्लॅटफॉर्म आणि छोट्या दुकानदारामध्येही लावायला काय हरकत आहे? सिंक प्लॅटफॉर्मच्या बाजूने अडकलं म्हणून ऑर्डर रद्द झाली, तर तो डाग दुकानदाराच्या रेटिंगवर का? त्यासाठी आधी कुठलं अंतर कोणामुळे पडलं हे वेगवेगळं मोजलेलं असायला हवं. म्हणून तर एवढं वही-पेनाचं पुराण लावलं.

तर वाचकहो, तुमच्यापैकी जे असली सॉफ्टवेअरं लिहितात त्यांनी पुढच्या डिझाइन मीटिंगमध्ये दोन प्रश्न विचारून बघा. हा आकडा शेवटचा कोणी डोळ्यांनी पाहिला होता आणि कधी? आणि टक्केवारी काढताना खाली काय घेतलंय? पहिल्या प्रश्नाला बहुधा शांतता पसरेल आणि दुसऱ्याला कोणीतरी म्हणेल, "बघून सांगतो." तसं म्हणालाच, तर त्या माणसाला टीममध्ये जपून ठेवा.

असो. वीकांताच्या मानाने फारच लांबलं. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं.